पूर ओसरल्यावर देवाचे राज्य कुठे जाते?

वाचकाचे पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सलाम.

मी 56 वर्षांची असून वडोदऱ्यात विश्वामित्री नदीपासून जवळच असलेल्या एका जुन्या दुमजली घरात राहते. आमचे घराणे मूळचे नगरकडचे. माझे आजेसासरे गायकवाडी शाळेत मास्तर म्हणून येथे आले आणि येथलेच झाले. खाली आम्ही राहतो, वर दीर आणि जाऊबाई. सासऱ्यांच्या पश्चात वाटणीवरून बोलणे तुटले, त्याला आता सात वर्षे झाली. रविवारी आम्ही एकाच मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बसतो, पण दोन वेगळ्या बाजूंना. 2024च्या ऑगस्टमध्ये पुराचे पाणी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आले, तेव्हा जाऊबाईंनीच जिन्यावरून हाक मारून आम्हाला वर बोलावले. तीन दिवस आम्ही एकत्र जेवलो, एकत्र प्रार्थना केली, आणि मला खरोखर वाटले की देवाचे राज्य म्हणतात ते हेच असावे. मग पाणी ओसरले, आम्ही खाली आलो, आणि आठवड्याभरात पुन्हा तोच अबोला सुरू झाला. निघताना त्यांनी खिचडी भरून दिलेला स्टीलचा डबा अजून माझ्या फळीवर आहे. त्यांनी तो मागितला नाही, मी तो दिला नाही.

गेल्या महिन्यात ‘देवाचे राज्य तुमच्यामध्ये आहे’ या वचनावर उपदेश झाला. तेव्हापासून मी रोज पहाटे डोळे मिटून स्वतःच्या अंतःकरणात पाहते, आणि तेथे मला राग, हिशेब आणि भीती यांखेरीज काही सापडत नाही. माझा बाप्तिस्मा खोटा होता का? शेजारच्या काकू म्हणतात की देव अंतर्यामी आहे हे तर आमचे संतही सांगतात. माझी मुलगी म्हणते की राज्य आतच असेल तर दर रविवारी मंडळीत जायचे कशाला. मी कोणाला काय उत्तर देऊ?

उत्तर

प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी लूककृत शुभवर्तमानाचा 17वा अध्याय शेजारी उघडून ठेवला, कारण ज्या वचनावर तुम्ही अडला आहात ते आपण बहुधा अध्यायातून सुटे काढून भिंतीवर लावतो आणि त्याच्या मागेपुढे काय आहे हे विसरून जातो. ते वचन 21वे आहे. आपण मात्र थोडे आधीपासून सुरुवात करू, कारण तुमच्या घरातील जिना, पूर आणि अबोला हे सर्व त्या एका अध्यायात आहे असे मला वाचताना वाटले.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. देवाचे राज्य केव्हा येणार, असे परूश्यांनी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांनी, येशूला विचारले, तेव्हा ते डोळ्यांना दिसेल अशा रीतीने येत नाही आणि ‘पाहा, येथे आहे’ किंवा ‘तेथे आहे’ असे कोणी म्हणणार नाही, असे सांगून येशू म्हणाला की ते तुमच्यामध्ये आहे. मूळ ग्रीकमध्ये येथे ‘एन्टोस’ हा शब्द आहे, आणि मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 23व्या अध्यायात प्याल्याच्या आतल्या बाजूविषयी बोलताना तोच शब्द आला आहे. त्यामुळे ‘तुमच्या आत’ हा अर्थ कोणी ओढूनताणून लावलेला नाही. परंतु येथील ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे, आणि ऐकणारे परूशी होते, ज्यांपैकी अनेकांनी येशूला स्वीकारलेच नव्हते. म्हणून पुष्कळ अभ्यासक ‘तुमच्या मधोमध’ असा अर्थ घेतात, कारण त्या राज्याचा राजा त्या क्षणी त्यांच्यासमोर उभा होता आणि तरी ते तारीख विचारत होते. या वादात मी कोणत्याही एका बाजूला बसत नाही. आपल्या मराठी पवित्र शास्त्रातील ‘तुमच्यामध्ये’ हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो, कारण त्यात दोन्ही अर्थ नांदतात. ‘माझ्यामध्ये धीर नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा तो शब्द माणसाच्या आत जातो, आणि ‘त्या दोघी जावांमध्ये बोलणे नाही’ असे म्हणतो तेव्हा तोच शब्द दोन माणसांच्या मधल्या जागेत येऊन उभा राहतो. तुम्ही गेला महिनाभर त्या शब्दाचा पहिलाच अर्थ धरून शोध घेत आहात. दुसऱ्या अर्थाची जागा तुमच्या घरात अगदी ठळक आहे. तुमच्या दारापासून वरच्या दारापर्यंत जाणारा तो जिना आहे.

आता ‘राज्य’ या शब्दाकडे येऊ, आणि येथे वडोदऱ्याच्या माणसाला इतरांपेक्षा थोडे सोपे जाईल असे मला वाटते. इब्री (हिब्रू) ‘मलखूत’ आणि ग्रीक ‘बासिलेया’ या दोन्ही शब्दांचा पहिला भर सीमेवर किंवा भूभागावर नसून राजाच्या सत्तेवर, त्याच्या राजेपणावर आहे. राजाची इच्छा जेथे चालते तेथे त्याचे राज्य असते. म्हणूनच प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ या विनंतीच्या पाठोपाठ त्याच्या इच्छेप्रमाणे होण्याची विनंती येते; दुसरे वाक्य पहिल्याचाच उलगडा करते. तुमच्या आजेसासऱ्यांची गोष्ट घ्या. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893मध्ये अमरेलीकडे सुरू केला आणि 1906मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला. एखाद्या खेड्यातील शेतकऱ्याने महाराजांना कधी पाहिलेही नसेल, लक्ष्मीविलास राजवाड्याची पायरीही चढली नसेल; पण ज्या सकाळी त्याची मुलगी पाटी घेऊन शाळेला निघाली, त्या सकाळी गायकवाडी राज्य त्याच्या घरात आले. आपल्या मनात राजभक्तीची भावना दाटून आली आहे की नाही, हे त्याला तपासावे लागले नाही. हुकूम पाळला गेला, एवढे पुरे होते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तुमच्या पत्राला खरे उत्तर तिच्यात आहे असे मी मानतो. बडोदा संस्थान सलग नव्हते. वडोदरा एकीकडे, कडीचा प्रांत उत्तरेला, नवसारी दक्षिणेला, अमरेली काठेवाडात आणि ओखामंडळ तर पार द्वारकेच्या टोकाला. आणि या सर्वांच्या मध्ये इंग्रजी मुलूख आणि दुसऱ्या संस्थानिकांची गावे. एका प्रांतातून दुसऱ्यात जाताना माणूस वाटेत किती वेळा गायकवाडीतून बाहेर पडून पुन्हा आत येत असेल. तरीही ते एकच राज्य होते आणि त्याचा राजा एकच होता. 1949च्या 1 मे रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि तो नकाशा संपला, पण विश्वासणाऱ्याचे अंतःकरण मला नेहमी त्या नकाशासारखे दिसते. प्रार्थनेचा प्रांत राजाचा झालेला असतो, मुलांवरील प्रेमाचा झालेला असतो, आजाऱ्याच्या उशाशी बसण्याचा झालेला असतो. आणि मध्ये एक पट्टा असा असतो की जेथे अजून दुसऱ्याचाच अंमल चालतो, जेथे जुन्या वाटणीचे कागद आणि कोण काय बोलले याची तपशीलवार नोंद सांभाळून ठेवलेली असते. पहाटे डोळे मिटल्यावर तुम्हाला जे दिसते ते खरे आहे, पण तुमची नजर रोज त्याच एका पट्ट्यावर जाऊन थांबते आणि त्यावरून तुम्ही साऱ्या राज्याचा निकाल लावता. पूर आला त्या दिवशी हाक ऐकून तुम्ही वर गेलात, ज्यांच्याशी सात वर्षांचे वैर आहे त्यांच्या हातचे अन्न स्वीकारलेत, त्यांच्या शेजारी बसून प्रार्थना केलीत. ज्या अंतःकरणात राजाचा शब्द मुळीच चालत नाही, त्याला हे जमत नाही.

बाप्तिस्म्याविषयी लिहिताना तुमचा हात थरथरला असावा, असे मला त्या ओळीवरून वाटले, म्हणून येथे थोडे थांबतो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883मध्ये इंग्लंडात झाला. त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, परंतु त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. केडगावच्या मुक्ती मिशनची ही माता, जिने उतारवयात संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर स्वतः केले, ती आपला बाप्तिस्मा खोटा ठरवून मोकळी झाली नाही. जे द्वार तिच्यासाठी उघडले होते त्यातून ती आणखी आत गेली. आपल्या आत काहीच नाही असे ज्याला कळते आणि त्याचे दुःख होते, त्याच्या आत कोणीतरी दिवा घेऊन उभा आहे, हे लक्षात घ्या. अंधाराला अंधार दिसत नाही.

राहिला प्रश्न जाणिवेचा. येशूने या राज्याची तुलना खमिराशी केली, आणि ते खमीर एका बाईने तीन मापे पिठात लपवले असे सांगितले. ही मापे लहान नव्हती. तीन मिळून जवळजवळ 40 लिटर पीठ होते, म्हणजे एका कुटुंबाचे नव्हे तर साऱ्या गावजेवणाचे. ‘लपवले’ हे क्रियापद मला फार मोलाचे वाटते. आपण रात्री आंबोळीचे किंवा ढोकळ्याचे पीठ झाकून ठेवतो आणि झोपी जातो. दर तासाला उठून झाकण काढले म्हणून पीठ लवकर आंबत नाही, उलट थंडीच्या दिवसांत ते आंबायचे राहते. मार्काच्या 4थ्या अध्यायातील शेतकरीही बी टाकून रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि ते कसे रुजते व वाढते हे त्याला कळत नाही. तुमचे पहाटेचे आत्मपरीक्षण बंद करा असे मी सांगत नाही, पण काही आठवडे तरी त्यात ‘मला काय वाटते’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘प्रभू, आज तुझी कोणती आज्ञा माझ्यापुढे आहे’ एवढेच विचारा. शांती आणि आनंद ही त्या राज्याची लक्षणे आहेत हे पौलाने रोमच्या मंडळीला लिहिले खरे, पण त्या वाक्यात त्याने नीतिमत्त्व सर्वांत आधी ठेवले आहे, आणि तो क्रम मला सहज आलेला वाटत नाही.

आता पुराकडे येतो. लूकाच्या त्या अध्यायात परूश्यांच्या प्रश्नाच्या अगदी आधी दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. शोमरोन आणि गालील या प्रांतांच्या सीमेवरील एका गावात ते दहा जण दूर उभे राहून दयेची याचना करतात. त्यांच्यातील एक शोमरोनी होता, आणि येशूने त्यालाच परका म्हटले यावरून बाकीचे यहूदी असावेत असे दिसते. यहूदी आणि शोमरोनी एरवी एकमेकांशी संबंध ठेवीत नसत. परंतु रोगाने त्यांना गावाबाहेर काढले तेव्हा ते एकत्र राहिले, एकत्र ओरडले, एकत्र चालू लागले. वाटेत ते शुद्ध झाले, आणि त्यानंतर ही टोळी आपल्याला पुन्हा एकत्र दिसत नाही. एकटा शोमरोनी मागे फिरला, येशूच्या पायांशी आला आणि त्याने उपकार मानले. मी ही गोष्ट कितीतरी वेळा उपदेशात सांगितली आहे, आणि दर वेळी कृतज्ञतेवर बोलून थांबलो आहे. तुमचे पत्र वाचेपर्यंत मला हे दिसले नव्हते की आपत्तीत जुळलेली माणसे आपत्ती सरताच पांगतात, हेही त्या गोष्टीत आहे. विश्वामित्रीचे पाणी 35 फुटांच्याही वर गेले होते, सोसायट्यांत मगरी आल्या होत्या, अशा वेळी वरच्या मजल्यावर सर्वांनाच जागा होते. पण तो एकटा परत आला तेव्हा त्याला कोणता रोग परत घेऊन आला नव्हता. पुरावाचून जिना चढणे हे त्या परत येण्यासारखे आहे.

त्या तीन दिवसांत तुम्हाला जे वाटले तो भ्रम होता असे मात्र म्हणू नका. ते राज्याचेच दर्शन होते. त्याच अध्यायात पुढे येशू नोहाच्या दिवसांतील जलप्रलयाची आठवण देतो आणि मनुष्याच्या पुत्राच्या येणाऱ्या दिवसाविषयी शिष्यांशी बोलतो; म्हणजे जे राज्य ‘तुमच्यामध्ये आहे’ असे त्याने एका दमात सांगितले, तेच अजून पूर्णपणे यायचे आहे असेही तो सांगतो. आपण या दोहोंच्या मधल्या काळात राहतो. येथे ते दिसते आणि झाकले जाते, आणि ‘तुझे राज्य येवो’ ही विनंती म्हणूनच अजून आपल्या ओठांवर आहे.

शेजारच्या काकूंशी वाद घालू नका. त्यांच्या घरात संतांची वाणी आहे आणि देवाला बाहेरच्या थाटामाटात शोधू नये हे तिने त्यांना शिकवले आहे. त्याबद्दल आदर बाळगा. विचारलेच तर एवढे सांगा की आमच्या विश्वासाप्रमाणे माणसाच्या अंतःकरणाच्या तळाशी आपोआप देव सापडत नाही, तेथे राजा येऊन वस्ती करतो, आणि तो दार ठोठावून येतो. मुलीला उत्तर देणे त्याहून सोपे आहे. ‘तुम्ही’ अनेकवचनी आहे, हे तिला दाखवा. मग तिच्याबरोबर मंडळीत जा, आणि या रविवारी तुमच्या नेहमीच्या बाजूला बसू नका. तिने इतकी वर्षे आईला आणि वरच्या मजल्यावरच्या काकूला दोन बाजूंना बसलेले पाहिले आहे, आणि मंडळी कशाला, हा तिचा प्रश्न मला वाटते तेथूनच आला आहे.

मीही यातून गेलो आहे. मंडळीच्या कामात माझ्याबरोबर असलेल्या एका भावाशी मी चार वर्षे कामापुरतेच बोलत होतो, आणि त्याच चार वर्षांत मी देवाच्या राज्यावर उपदेश करीत होतो. त्या काळात माझी प्रार्थना कोरडी होती आणि मी तिचे कारण आजारपणात, कामाच्या ओझ्यात, सगळीकडे शोधले. शेवटी मत्तयाच्या 5व्या अध्यायातील वेदीजवळ दान आणणाऱ्या माणसाने मला पकडले. येशू तेथे असे म्हणत नाही की तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. तो म्हणतो की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे तुला आठवले तर दान तेथेच ठेव आणि आधी जा. चूक कोणाची हा हिशेब त्या वाक्यात नाहीच. मी गेलो तेव्हा त्या भावाने मला दारातच उभे ठेवले. दुसऱ्यांदा त्याने पाणी विचारले. सर्व पूर्ववत झाले असे मी म्हणणार नाही, पण माझी प्रार्थना त्या पहिल्या दिवशीच, दारात उभा असतानाच, ओली झाली.

वाटणीचा हक्क सोडून द्या असा याचा अर्थ नाही. कागद वकिलाकडे असतील तर असू द्या. न्याय्य वाटा मागणे हे वैर नव्हे, आणि लूकाच्या त्याच 17व्या अध्यायाच्या 3ऱ्या वचनात अपराध करणाऱ्या भावाला त्याचा दोष दाखवण्याचीही आज्ञा आहे. परंतु 4थ्या वचनात दिवसातून सात वेळा क्षमा करण्याची गोष्ट येते, आणि ती ऐकून प्रेषित घाबरून ‘आमचा विश्वास वाढवा’ असे म्हणतात. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास पुरेसा आहे, असे उत्तर त्यांना मिळते. तेव्हा विश्वास मोठा होण्याची वाट पाहू नका.

तो डबा फळीवरून काढा. भांडे रिकामे परत करू नये ही आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. नाताळचा फराळ होईपर्यंत थांबू नका, घरात जे रोजचे करता तेच त्यात भरा. जाताना मनात वाक्ये जुळवू नका, आणि पुराच्या वेळच्या उपकाराचे आभार मानण्यापलीकडे त्या दिवशी काही बोलू नका. दीर घरी असतील तर त्यांनाही सलाम करा. दार उघडले नाही तर डबा वरच्या पायरीवर ठेवा, हाक मारून तसे सांगा आणि खाली या. आपण फार मोठे काही केले असे वाटू लागले तर त्याच अध्यायाचे 10वे वचन वाचा, जेथे दास आपले काम संपवून म्हणतात की आम्ही फक्त आमचे कर्तव्य केले. वरून काही उत्तर आले, किंवा आले नाही, तरी मला पुन्हा एक पत्र लिहा. तोपर्यंत रोज पहाटे तुमच्या घराच्या दोन्ही मजल्यांची नावे घेऊन मी प्रार्थना करीन.

प्रभूमध्ये तुमचा भाऊ